पलंगावरचा जिवाणू

रविवार, १४ डिसेंबर, सकाळी साडेनऊ. बुऱ्हाणपूर, सरांच्या घराची मागची खोली.

हजर: काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. दिलीप, माझा कॉलेजातला वर्गमित्र. मूळचा निंबोल्याचा, आता खकनारच्या शाळेत विज्ञान शिकवतो. एक सुतारमिस्त्री, करवतीसह. आणि मी. गैरहजर: सर. ते श्रावणात गेले.

नऊ कामांची यादी मी शनिवारीच करून ठेवली होती. मंगळवारी टेम्पो येणार आहे. काकू घर सोडून मुलीकडे इंदूरला चालल्या आहेत आणि त्यांच्यासोबत त्यांचा सागवानी पलंग जायचा आहे. अडचण एवढीच, की त्या पलंगावर गेली एकोणीस वर्षं एक जिवाणू मुक्कामाला आहे, आणि तो जायचा आहे खकनारच्या शाळेत. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सरांनी मला दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. "पलंग तिचा आहे, तिला द्या. जिवाणू मुलांचे आहेत, मुलांना द्या. दोघांनाही इजा होऊ देऊ नका." मी हो म्हटलं. मी हो म्हटलं की ते यादीत जातं, आणि यादीत गेलेलं काम माझ्याकडून राहत नाही.

सर जिवाणूंबद्दल नेहमी मानाने बोलत. "ते आले आहेत." "त्यांची घाई चालली आहे." "त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही." वर्गातल्या पोरापोरींनाही ते अहो-जाहोच करत. त्यामुळे पहिल्या वर्षी नक्की कोण उपाशी आहे हे कळायला आम्हाला वेळ लागायचा.

ते कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. उंच, किडकिडीत. शर्टाच्या खिशाला इतर मास्तरांचं पेन अडकवलेलं असतं, तिथे यांचे कपडे वाळत घालायचे चार-पाच चिमटे. लग्नाला जातानाही ते काढत नसत. दिलीपच्या लग्नात वाऱ्याने त्याचा शेला उडायला लागला, तेव्हा सर पुढे झाले, दोन चिमटे लावले आणि भटजींना म्हणाले, "पेशीत हे काम एक प्रथिन करतं." दिलीपच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत ते चिमटे आहेत. एक निळा, एक गुलाबी.

त्यांचं सगळं शिकवणं एका दोरीवर चालायचं. आपल्या आतड्यातला साधा जिवाणू घ्या, ते सांगत. दहा लाख पट मोठा केला तर तो पलंगाएवढा होतो, दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद. त्याच मापाने त्याच्या आतला डीएनए म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची एकच दोरी, एक किलोमीटर सहाशे मीटर लांब, आणि तिला टोकं नाहीत. सगळी मिळून एक कडं.

"लोकांना वाटतं जागा कमी आहे, कोंबायची कशी. अहो, एवढी दोरी एका बादलीत बसते. जागा भरपूर आहे. अडचण पसाऱ्याची आहे. मोकळी सोडा, खोलीभर फुगेल. बादलीत कोंबा, मधलं काही लागलं की सापडणार नाही."

म्हणून ती लावून ठेवायची. अशी, की ज्या क्षणी ज्या जागेचं काम पडेल ती जागा वर यावी, वाचून व्हावी आणि परत आत जावी. हे लावून ठेवण्याचं काम काही प्रथिनं करतात. त्यांची इंग्रजी अक्षरांची नावं सर फळ्यावर एकदा लिहीत आणि नंतर त्यांना कामावरून हाक मारत. वाकवणारे दोरीला जागोजागी हलकं वळण देतात. त्यांच्यासाठी केसांचे आकडे. मोडणारे तिला एकदम उलटी फिरवतात; तिथे काकूंच्या फुटक्या बांगड्यांचे अर्धे तुकडे. पूल बांधणारे लांबलांबचे दोन भाग जवळ आणून धरून ठेवतात, ते चिमटे. आणि शेवटचे गाठोडंवाले. ते भरपूर येतात ते उपासमारीत. अन्न संपलं की सगळी दोरी घट्ट आवळून घेतात, तिला इजा होऊ नये म्हणून. "सुकाळात पसारा, दुष्काळात गाठोडं," सर म्हणत. "माणसांनी शिकण्यासारखं आहे."

दोरी पलंगावर येण्याआधी एकदा रस्त्यावर आली होती. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. एका सकाळी सहा वाजता सरांनी सगळ्या वर्गाला जैनाबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने उभं केलं. दोरी आठशे मीटर गेली आणि आठशे मीटर परत आली, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक पदर. थोड्या वेळाने मोटारसायकलवरून एक पोलिस आला.

"ये क्या चल रहा है, मास्टरजी?"

"डीएनए मोजतोय. एका जिवाणूचा."

"किसका?"

"पोटात असतात त्यांचा."

"किसके पेट में?"

"तुमच्या," सर अदबीने म्हणाले.

पोलिसाने रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. मग स्वतःच्या पोटाकडे बघितलं. समोरून येणाऱ्या दूधवाल्याला त्याने हात करून थांबवलं. "रुको भाई, दो मिनट. मेरे पेट का माप ले रहे हैं."

सरांची दुसरी सवय पोस्टकार्डांची. विज्ञानात काही नवं कळलं आणि आपण आधी शिकवलेलं चूक ठरलं, की ते जुन्या विद्यार्थ्यांना कार्ड टाकत. पाच वर्षांपूर्वी शिकून गेलेल्यांनाही. "तुम्हाला मेसोसोम नावाचा भाग शिकवला होता. तो नसतोच. यंत्राखाली बघायची तयारी करताना पेशीला पडलेली ती सुरकुती होती. कृपया दुरुस्त करून घ्यावे." मला आलेलं पहिलं कार्ड आमच्या घरी वडिलांच्या हातात पडलं. आमचे चार पॉवरलूम होते. वडील सुताची भाषा सोडून दुसरी जाणत नव्हते. त्यांनी शेडच्या दारातून हाक मारली, "इकडे ये वं. हे कोन लिहून राह्यलं तुले?"

कार्डावर होतं: "तो उघडा-नागडा असतो असे मी वर्गात म्हणालो होतो. ते चूक आहे. त्याच्या अंगावर भरपूर असते. गैरसमज नसावा."

पुस्तकांत तेव्हा जिवाणूच्या डीएनएला 'नागडा' म्हणत, प्रथिनांशिवायचा या अर्थाने. सरांना तो शब्द खुपत होता. हे वडिलांना समजावताना मला घाम फुटला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मंग कपडे हायेत ना त्याच्या अंगावर? ठीक हाये."

आता माझं शून्य.

तिसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक. वडिलांची अट साधी होती: एका विषयात जरी गेली तरी कॉलेज बंद, मग शेडमध्ये कांड्या भरायच्या, लूमसाठी नळ्यांवर सूत गुंडाळत बसायचं. सरांनी प्रत्येकाला मावाजिलेबीचा एकेक रिकामा डबा आणि शंभर हात सूत दिलं. सुतावर सहा रंगीत चिठ्ठ्या बांधलेल्या. सूत डब्यात असं लावा की झाकण बसेल, आणि मी मागेन ती चिठ्ठी वीतभर बाहेर येऊन परत आत जाईल. बाकीच्या पाच हलता कामा नयेत. गाठ नाही, कात्री नाही.

मी शाळेपासून कांड्या भरत आलेली. तीन मिनिटांत वहीचा पुठ्ठा गुंडाळून नळी केली, त्यावर सूत भरलं, चढाव-उतार एकसारखा, आणि डबा बंद करून पुढे ठेवला. वर्गात सगळ्यांत आधी. सरांनी कांडी हातात घेतली, उजेडाकडे धरून फिरवली.

"सुंदर," ते म्हणाले. "हिरवी चिठ्ठी द्या."

हिरवी मधोमध होती. ती काढायची तर पन्नास हात सूत उलगडायला हवं होतं.

"शून्य," सर म्हणाले.

"सर, इतकं नीट दुसऱ्या कोणाचं नाही."

"नाहीच आहे. तुमचं उत्तर माणसाचं आहे, बाई. आपल्या पेशींत रिळं असतात, त्यांच्यावर डीएनए गुंडाळलेला असतो. प्रश्न जिवाणूंचा होता. त्यांच्याकडे रिळं नाहीत आणि वेळही नाही. त्यांना ठेवायचं नाहीये, वापरायचंय."

"मला नापास करू नका. घरी कांड्याच भरायला बसवतील."

त्यांनी चष्मा पुसला. "आठ दिवस देतो. कांडी इथे ठेवून जा. नवं सूत घ्या."

ते आठ दिवस मी डबा उशाशी घेऊन झोपले. आईच्या डोक्यातले आकडे संपवले. सूत ओळीने लावायचं सोडून मी फासे करून लावलं, चिठ्ठी प्रत्येक फाशाच्या माथ्यावर, बूड चिमट्यात. दिसायला गबाळं. आठव्या दिवशी सरांनी हिरवी मागितली, हिरवी आली. पिवळी मागितली, पिवळी आली. पास झाले. आज मी केळीची रोपं बाटल्यांत वाढवणारी प्रयोगशाळा सांभाळते. तिथली कपाटं बघून लोक म्हणतात, तुमचं अजब आहे, एवढ्या याद्या आणि सामान मात्र असं का ठेवलेलं? वापराप्रमाणे ठेवलेलं आहे. मला अंधारातही सापडतं.

त्या प्रयोगशाळेत सर महिन्यातून एकदा यायचे. आमच्याकडे बाटलीत जिवाणू शिरला की ती बाटली वाया गेली. रोजच्या खराब बाटल्या मी वेगळ्या मांडून त्यांची नोंद करते. सर थेट त्याच मांडणीपाशी जात. "आज किती आले?"

"चौदा बाटल्या गेल्या, सर."

"गेल्या असं का म्हणता? ते आले."

पलंग मात्र काकूंनी कधी माफ केला नाही. तो त्यांच्या माहेरचा. सर निवृत्त झाले, कॉलेजने त्यांनी बनवलेला जिवाणूचा सांगाडा ठेवून घ्यायला नकार दिला, आणि एक दिवस बांबूच्या कामट्यांचा तो लांबट पिंजरा घरी येऊन पलंगावर बसला. मापाला तंतोतंत. मग सर त्यात दोरी लावत बसले. पाहुणे जमिनीवर झोपले. मुलगी बाळंतपणाला आली, तीही दुसऱ्या खोलीत खाटेवर. "मी कितीदा म्हटलं, पलंग मोकळा करा," काकू आज सकाळी सांगत होत्या. "तर म्हणायचे, अगं आता ते कसे निघतील?"

कसे निघतील, हाच आजचा प्रश्न होता.

कामट्या सोडवल्या. दोरीवरच्या चिठ्ठ्यांचा क्रम लिहून घेतला. मी आणि दिलीपने एकेक फासा उचलून जुन्या साडीच्या पट्टीने बांधला आणि चादरीवर ओळीने ठेवला. गाठोडंवाल्यांची पद्धत. साडेअकरापर्यंत पलंगावर फक्त उशाकडचा भाग उरला, आणि तिथे आम्ही अडलो. पलंगाच्या उशाला कोरीव दांड्यांचा कठडा आहे. दोरी एका दांडीच्या मागून जात होती. मला आधी वाटलं, अडकवली असेल. बोट फिरवत गेले. अडकवलेली नव्हती. सरांनी दोरी दांडीमागून घेतली आणि नंतर दोन्ही टोकं जोडून कडं पुरं केलं होतं. दांडी वर-खाली सागात ठोकलेली, दोरीला टोक नाही. कड्यात कडं.

मिस्त्री वाकून बघून म्हणाले, "दो मिनट का काम है, बहनजी. डंडा काट देता हूँ."

"माझ्या माहेरचा पलंग आहे तो," काकू म्हणाल्या.

"तो रस्सी काट दो."

आता दिलीप मध्ये आला. "दोरीला हात नाही लावायचा. गाठ नाही, कात्री नाही. बारा वेळा लिहून घेतलंय सरांनी माह्याकडून."

"अरे, मग काय पलंगासोबत जिवाणूला इंदूरला नेऊ?"

"नाहीतर पलंग खकनारले द्या काकू. पोरं बसतील त्याच्यावर."

"तू बस आधी गप्प."

मी यादीकडे बघितलं. सहावं काम: दोरी सोडवणे. पुढे मी वेळ लिहिली होती, वीस मिनिटं. पलंगाला इजा नाही, दोरीला इजा नाही, असं मी एका मरणाऱ्या माणसाला सांगून बसले होते, आणि दोन्ही एका वेळी शक्य नव्हतं. मिस्त्रींनी करवतीला तेल लावायला घेतलं.

मी दोरी पुन्हा हातात घेतली, या वेळी डोळ्यांनी नाही, बोटांनी. सुताच्या घरातलं माणूस तपासायचं असलं की असंच तपासतं. दांडीपासून तीन हातांवर बोटाला फरक लागला. जाडी तीच, पीळ वेगळा. रंगही जरा वेगळा, तांबूस. पुढे हातभर तांबूस, मग परत मूळची. गाठ कुठेच नाही. टोकं उसवून, एकमेकांत घालून, खळ लावून पीळ दिलेला. लूमवाले जुन्या ताण्याला नवा ताणा सांधतात तसा. त्या तांबूस तुकड्याला तीन चिमटे लागलेले.

"काकू, हे काय आहे?"

"हे? दर दिवाळीला कापायचे ना ते. खळ मीच शिजवून द्यायचे."

"कापायचे?" दिलीपचा आवाज चढला. "सर? कात्रीने?"

"नाहीतर काय दाताने? दर वर्षी एक तुकडा घालायचे बाहेरचा. डबा बघा ना चिमट्यांचा, झाकणात लिहिलेलं आहे."

झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता. सरांचं बारीक अक्षर. वर एक ओळ: "बाहेरून आलेले. फेकू नये. लगेच ऐकूही नये. चिमटा लावून ठेवावे, गरज पडेल तेव्हा उघडावे." हे त्यांनी आम्हाला उशिरा, कार्डावरून शिकवलं होतं: जिवाणूंच्या डीएनएत दुसऱ्यांकडून आलेले तुकडे शिरतात, आणि पूल बांधणारी प्रथिनं त्यांना धरून गप्प बसवतात. कधी तरी त्यातलाच एखादा उपयोगी पडतो. खाली तुकड्यांची नोंद होती, ज्यांची डब्याची परीक्षा पहिल्यांदा चुकली त्यांच्या सुताची. नावं नव्हती. "चेंडू करणारा." "कात्री लपवून आणणारी." "निंबोल्याचा, सूत विसरून आलेला, केळीचा सोप दिला." दिलीपने तो तुकडा शोधून काढला, केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, वळलेला दोर, काळा पडलेला. त्याने तो अंगठ्याने घासून बघितला.

सगळ्यांत वर होतं: "कांडीवाली. पांढरा. उत्तर चूक, माणसाच्या पेशीला बरोबर. हात उत्तम, सांध करायला बोलवावे."

बोलावलं कधीच नाही. एकोणीस वर्षं स्वतःच सांधत बसले. त्यांचे सांध मला बोटांना कळत होते, म्हणजे कामाला चांगले, पण उत्तम नव्हेत.

मी दिलीपला म्हटलं, "पेशीत कड्यात कडं अडकलं तर काय होतं? तूच शिकवतोस ना?"

"एक प्रथिन येतं," तो सावकाश म्हणाला. "एक पदर कापतं, दुसरा त्यातून पार करतं आणि परत जोडतं."

"मग? कापणं चुकीचं नाही. कापून तसंच सोडणं चुकीचं. काकू, कात्री."

काकूंनी कात्री दिली आणि स्वतः दुसऱ्या बाजूने दोरी धरली. मी सरांच्याच एका सांधावर कापलं, तांबूस तुकड्याच्या कडेला. दोरी दांडीमागून काढली. दोन्ही टोकांना लगेच एकेक चिमटा लावला. मिस्त्रींनी करवत पिशवीत घातली. "हमारा तो काम ही नहीं था," असं म्हणून चहाला थांबले.

पलंग रिकामा झाला. काकूंनी त्याच्यावर हात फिरवला, धूळ बघितली, आणि लगेच आडव्या झाल्या. पाय लांब केले. छताकडे बघत म्हणाल्या, "छोटाच आहे गं. इतकी वर्षं मला केवढा मोठा वाटत होता."

काकूंनी खळ चुलीवर ठेवलीच होती. सांध करायला मला पाच मिनिटं लागली असती. मी टोकं उसवायला घेतली तेव्हा दिलीपने हात धरला.

"थांब. यंदाचा तुकडा कुठं हाये?"

यंदाच्या दिवाळीला सर नव्हते. यंदाचा तुकडा घातलेलाच नव्हता.

"माह्या शाळेतल्या पोरींचा घालू," तो म्हणाला. "त्यांची परीक्षा घेतो डब्याची. कोणी तरी चुकंनच."

"कधी घेशील? उघडं टोक फार दिवस राहत नाही, पेशीत ते कुरतडलं जातं. सर काय म्हणायचे?"

"उघडं टोक म्हणजे कुत्र्यापुढची भाकर. माहीत हाये मले. उद्या घेतो."

"उद्या नक्की?"

"बाई, उद्या."

आता संध्याकाळ झाली आहे. गाठोडं माझ्या घरी टेबलावर आहे. आठ कामांवर खूण झाली. नववं खकनारला पोचवण्याचं, त्यात आता सांधही: उद्या शाळा सुटल्यावर. सोबत खळ, थंड पाणी, आकडे, आणि मी. दोन टोकं दोन चिमट्यांत आहेत. एक निळा, एक गुलाबी. दिलीपने घरून आणलेले.